चौथा पाय

पंखा बंद करा. टीव्हीही. काचेच्या शोकेससमोर जमिनीवर मांडी घालून बसा आणि तिच्या लाकडी बाजूला तळवा टेकवा. दाबू नका, नुसता टेकवा.

पिंपळे गुरवमधली संध्याकाळ आहे. खालच्या गाळ्यातली पिठाची गिरणी सुरू होते, ती कानाआधी तळव्याला कळते. वरच्या मजल्यावर कुणी टाचा आपटत चालतं. बाथरूमशेजारचं वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागतं. मिनिटाला १००० फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा हादरे. मग शोकेसमधली काच किणकिणते.

त्या आवाजापाशी थांबा. रोज ऐकून आपण तो ऐकेनासे झालेलो असतो. काच थरथरते म्हणून वाजते, असं वाटतं; पण काच एकटी वाजत नाही, तिला आपटायला काहीतरी लागतं. काचेची फळी ज्या खुंट्यांवर टेकली आहे, त्यांच्यावर काच बोटाने एकेक करून हलकेच दाबा. पहिल्या खुंटीवर आवाज चालूच राहील. दुसऱ्या, तिसऱ्या खुंटीवरही कदाचित. आणि एका खुंटीवर बोट ठेवताच तो गप्प होईल. तिथे फट आहे, पोस्टकार्डाच्या जाडीची. सायकलच्या जुन्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून तिथे ठेवा. काच आवळायची नाही, मऊ टेकवायची. पाचर ठोकून घट्ट केलेल्या काचेवर सगळा ताण एका टिंबावर येतो, आणि कडेला बारीकसा टवका उडालेला असेल तर तडा तिथूनच निघतो.

आता खाली पाहा, पायांकडे.

मी बरीच वर्षं भोसरीत एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. प्रेसचा स्ट्रोक पडला की चहाच्या कपात वलयं उठायची. त्याच शेडच्या टोकाला मोजमापाची खोली होती आणि तिथे ग्रॅनाइटचं जाडजूड टेबल. एवढं वजन, पण ती शिळा टेकलेली फक्त तीन बिंदूंवर. उस्तादांनी कारण सांगितलं होतं : तीन बिंदू कशाही जमिनीवर एकदमच टेकतात, चौथा आला की कुणीतरी एक अधांतरी राहतो. मला ही गोष्ट अजूनही फार सुंदर वाटते.

शोकेसला चार पाय आहेत. कागदाची पट्टी घ्या आणि एकेका पायाखाली सरकवून पाहा. जिथे ती अलगद आत जाईल, तो चौथा पाय. घरातला प्रत्येक हादरा त्या फटीत मोठा होत वर चढतो. तिथे कडक रबराची चकती हवी. सोफ्याचा फोम नको. तो इतका मऊ असतो की अख्खी शोकेस डुलायला लागते आणि वरचा कप्पा सर्वांत जास्त हलतो.

घर भाड्याचं आहे. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट अडकलेलं, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. स्लॅब आपला नाही, गिरणीही आपली नाही. पण शोकेस कुठे उभी करायची, हे आपल्या हातात आहे. स्लॅब मधोमध जास्त हलतो, बीम आणि कॉलमपाशी कमी. तेव्हा ती कोपऱ्यात न्या. वॉशिंग मशीनचे पाय पाणसळ लावून समतल करा, खाली जाड रबरी मॅट घाला. हादरा उगमाशीच अडवलेला बरा. आणि घरात लहान मूल असेल, तर घरमालकांशी एकदा बोलाच. शोकेस वरच्या बाजूने भिंतीला स्क्रूने धरून ठेवता येते, आणि घर सोडताना ती भोकं व्हाइट सिमेंटने बुजवता येतात.

आमच्या शेजारच्या काकू किल्लारीकडच्या. त्यांच्या शोकेसमध्ये वरच्या कप्प्यात फक्त कापडी बाहुल्या आहेत. पितळेची समई, चिनी मातीची बरणी, सगळं तळाशी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपात त्यांच्या भागात दगडमातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. ‘जड ते खाली गं,’ असं त्या सुनेला सांगतात. बाकी काही बोलत नाहीत.

सगळेच हादरे असे येत नाहीत. २०१३ मध्ये मँचेस्टरच्या संग्रहालयात नेब-सेनू नावाची इजिप्तची पुरातन मूर्ती, जेमतेम वीतभर उंचीची, बंद काचकपाटात आपोआप फिरलेली आढळली. लोकांना शाप आठवला. कारण निघालं ते रस्त्यावरची वाहनं, माणसांची पावलं आणि मूर्तीचा किंचित फुगीर तळ. कुणाच्याही डोळ्यांना न दिसता ती हळूहळू वळत होती.

आता तुमच्या शोकेसमधली एकच वस्तू निवडा. कंपनीत पंचवीस वर्षं झाल्याबद्दल मिळालेलं काचेचं स्मृतिचिन्ह, लेकीचा शाळेतला कप, जे मनाला सर्वांत जवळचं असेल ते. ती फळीच्या काठापासून चार बोटं आत सरकवा. तळाखाली नमद्याचा तुकडा ठेवा. मग काचेवर लिहिणाऱ्या पेन्सिलीने तळाभोवती फिकट रेघ ओढा आणि दार हळू लोटा. गणपतीत ढोलपथक खालच्या गल्लीतून गेलं, की रात्री पुन्हा इथेच बसा. दिवा लावा आणि वस्तू रेघेच्या आत आहे का ते पाहा.