अग्नी मागणारी प्रार्थना
(लूक ९:५१-५६)



प्रभू येशू यरुशलेमच्या वाटेवर होता. वाटेतल्या एका शोमरोनी गावाने त्याचा स्वीकार केला नाही. याकोब आणि योहान संतापले. त्यांनी दगड उचलले नाहीत की शिवीगाळ केली नाही. आकाशातून अग्नी पडून हे गाव भस्म व्हावे असे आम्ही म्हणावे काय, असे त्यांनी प्रभूलाच विचारले.

त्यांच्यापुढे आधारही पवित्र शास्त्राचाच होता. एलिया संदेष्ट्याच्या शब्दावर असा अग्नी उतरला होता (२ राजे १). पण यहुदी आणि शोमरोनी यांचे वैर कित्येक पिढ्यांचे होते. तोच जुना राग त्या दिवशी प्रभूच्या मानाची काळजी होऊन बोलला. प्रभूने वळून शिष्यांनाच दटावले आणि तो दुसऱ्या गावी गेला.

आपल्या घरी काय घडते? शेताच्या बांधावरून, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून, सणाच्या वेळी झालेल्या मानापमानावरून आपण वर्षानुवर्षे बोलत नाही. मिस्साला एकाच मंदिरात येतो, पण शांतीचिन्ह देताना मान दुसरीकडे वळवतो. रात्री रोझरी झाल्यावर म्हणतो, "देवा, त्याला चांगली बुद्धी दे." त्याला बुद्धी मिळावी असे आपल्याला खरोखर वाटते, की त्याला अद्दल घडावी असे वाटते?

न्याय मागणे हे पाप नाही. प्रभूच्या दाखल्यातील विधवेने तो न थकता मागितला (लूक १८:१-८). परंतु आपला हक्क मिळावा आणि समोरच्याचे नाक कापले जावे, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. मागताना त्या एकमेकींत मिसळतात. वाईट हेतूने मागितलेले मिळत नाही, असे संत याकोबाच्या पत्रात सांगितले आहे (४:३).

म्हणून या आठवड्यात झोपण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. ज्याच्याशी भांडण आहे त्याचे काही भले झाले, तर मला आनंद होईल का? या भांडणात माझी चूक किती, हे मी पापनिवेदनात सांगितले आहे का, की त्याचीच पापे सांगून आलो? माझी प्रार्थना त्याने ऐकली, तर मला लाज वाटेल का?

अग्नी मागणाऱ्या योहानाचे पुढे काय झाले? प्रेषितांच्या कृत्यांत (८:१४-१७) तो पेत्राबरोबर पुन्हा शोमरोनात गेलेला दिसतो. तेथील लोकांवर हात ठेवून त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो. ज्यांच्यावर अग्नी मागितला, त्याच लोकांसाठी त्याने आशीर्वाद मागितला.

हे प्रभो, आमच्या ओठांवरचे शब्द तू ऐकतोस, त्यामागचे मनही पाहतोस. ते मन आधी शुद्ध कर. आमेन.