फावल्या वेळचे श्रम

यवतमाळ जिल्हा कापसाचा व सागाचा. येथील सुशिक्षित गृहस्थास रविवारीं हातानें कांहीं घडविण्याची हौस झाली, तर साहित्यासाठीं फार हिंडावें लागत नाहीं. बांबूची काडी तासून तिला वाटोळी चकती बसविली कीं टकळी झाली. मात्र चकतीचें भोंक केसभर बाजूस पडलें तर टकळी डगमगते, सूत तुटतें. कर्त्याची पदवी ती जाणत नाहीं. हें शिक्षण आमच्या मतें लहान नव्हे.

पण ह्या हौसेस श्रम म्हणावें काय? अखिल भारत चरखा संघानें 1929 सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. किंमत दीडशें रुपयांपलीकडे जाऊं नये, चरखा खेड्यांतील झोंपडींत चालावा, आणि स्त्रीस त्यावर फारसे कष्ट न पडतां सलग आठ तास काम करतां यावें, अशा अटी होत्या. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. यांतील आठ तासांची अट आम्हांस सर्वांत मर्मग्राही वाटते. हौशी मनुष्य पहिल्या तासाचा रसिक. हात भरून आले कीं तो उठतो व चहा मागतो. (तोही बहुधा दुसऱ्यानेंच करावयाचा!) पोटासाठीं कातणारीस तसें उठतां येत नाहीं.

म्हणून रविवारच्या कारागिरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. श्रमप्रतिष्ठेचा टिळा मात्र तिनें लावूं नये. सागाच्या फळीशीं दिवसभर झटून ज्यानें एक पाट केला, तोच सोमवारीं सुताराशीं मजुरीची घासाघीस करीत असेल, तर तो पाट त्यानें कशासाठीं केला?