मालकी कोणाची, आज्ञा कोणाची

आमच्या बेळगावात खंडेनवमीला मालाच्या गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि नारळ फोडून गाडी हातभर पुढे घेतात. गतवर्षी अशीच एक पूजा पाहत असता आमचे लक्ष गाडीवरील अक्षरांकडे गेले. काचेवरच्या पट्टीवर गाडीवाल्याच्या कुलदेवतेचे नाव होते, ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’. आणि दोन्ही दारांवर, त्याहून चौपट मोठ्या अक्षरांत, ज्या वाहतूक कंपनीकडे ती गाडी लावलेली होती तिचे नाव होते. नारळ गाडीवाल्याने फोडला. प्रसाद मात्र प्रथम कंपनीच्या गुमास्त्याच्या हातावर ठेवला गेला.

हा क्रम तेथे कोणाला खटकला नाही. आम्हालाही खटकला नसता. परंतु त्या गाडीचा करारनामा आम्हीच लिहिलेला होता.

गाडी ‘लावणे’ हा व्यवहार ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गाडी नोंदलेली असते गाडीवाल्याच्या नावावर. कर, विमा, दुरुस्ती, टायर हे सर्व त्याचे. माल मात्र कंपनी आणते, बिल्टी कंपनीची असते, भाडे कंपनी वसूल करते आणि त्यातून आपले कमिशन, दिलेली उचल, डिझेलचे पैसे वजा करून उरेल ते गाडीवाल्याच्या हाती ठेवते. ज्याच्याजवळ गाडी आहे पण व्यापाऱ्यांची ओळख नाही, त्याला याहून सोपा मार्ग सहसा सापडत नाही.

आमच्या गाडीवाल्याने सतरा वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालविल्या आणि मग पतसंस्थेचे कर्ज काढून अकरा वर्षांची जुनी गाडी घेतली. नवी का घेतली नाही, असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, नवी गाडी बँकेची असते. जुनी आपली.” या उत्तरात व्यवहारज्ञान होते, आणि थोडी फसगतही होती. नव्या गाडीचा हप्ता जड असला तरी त्याची तारीख ठरलेली असते. जुन्या गाडीच्या खर्चाला तारीख नसते. कमानपाटा तुटतो तो घाटात, आणि गिअरबॉक्स जातो तो नेमका ज्या महिन्यात मुलाची फी भरावयाची असते त्या महिन्यात. शिवाय आठ वर्षांपुढील मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. जुनी गाडी आपली असते हे खरे, पण ती आपल्याला स्वस्थ बसू देत नाही.

करारनामा आम्ही कंपनीच्या वतीने लिहिला. त्यात गाडीवाल्याने अनामत ठेवावी, डिझेल कंपनी सांगेल त्याच पंपावर भरावे, आणि कंपनीच्या परवानगीवाचून अन्य कोणाचाही माल, परतीच्या फेरीतसुद्धा, घेऊ नये असे होते. माल मिळेपर्यंत गाडी उभी राहिल्यास काय, याविषयी तो कागद मौन होता. हे मौन अनवधानाने राहिलेले नव्हते. सही करतेवेळी आम्ही त्याला वाचून पाहण्यास सांगितले, तर तो हसून म्हणाला, “तुम्ही लिहिलंय ना? मग वाचायचं काय?” कायद्याच्या पेशात असे वाक्य वारंवार कानी पडते आणि आपण ते स्तुती म्हणून स्वीकारतो.

पुढे एका फेरीत परतीच्या मालासाठी त्याची गाडी परमुलखात अकरा दिवस उभी राहिली. बाहेरचा माल मिळत होता. करारामुळे घेता येत नव्हता. परतल्यावर हिशेबात काही कपाती अशा निघाल्या की त्या कशाच्या, हे त्याला कळेना. तो आमच्याकडे आला, कारण दुसरा कोणी वकील त्याच्या ओळखीचा नव्हता. आम्ही त्याचे वकील नव्हतो. तसे सांगून आम्ही त्याला वाटेला लावले. पेशाच्या नियमाप्रमाणे आम्ही योग्य तेच केले. तरी तो जिना उतरून गेल्यावर बराच वेळ आमचे दुसऱ्या कोणत्याही कागदात मन लागेना.

ज्या वस्तूवर माझी मालकी आहे पण जिच्यावर आज्ञा दुसऱ्याची चालते, ती वस्तू कोणत्या अर्थाने माझी? आमच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने याचे उत्तर सोपे करून टाकले आहे: सामान्यतः नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तो मालक. पण न्यायालयांना हे सोपेपण नेहमीच पुरले असे नाही. राजस्थानात खाजगी मालकाची बस राज्य परिवहन महामंडळाने भाड्याने घेतली होती. चालक मालकाचा, वाहक महामंडळाचा. अपघात झाला. तेव्हा १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ज्याच्या हुकमतीखाली बस चालत होती त्या महामंडळालाही भरपाईची जबाबदारी टाळता येणार नाही. या निर्णयापाठीमागील न्यायबुद्धी आम्हाला कागदावरील नावापेक्षा अधिक खोल वाटते.

अमेरिकेत तर हा व्यवहार आपल्याहून जुना व मोठा आहे. तेथे स्वतःची गाडी स्वतः चालवून ती कंपनीला लावणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. अशा व्यवहारांवर सरकारी आयोगाने घातलेले नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली उचलून धरले. आज तेथे असा नियम आहे की, गाडीचा अनन्य ताबा कराराच्या मुदतीत कंपनीकडे राहील; आणि म्हणूनच ती चालविण्याची पूर्ण जबाबदारीही कंपनीनेच घ्यावी. फेरीचे कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे चुकते करावेत. मोबदला भाड्याच्या टक्केवारीने ठरलेला असल्यास मूळ भाड्याच्या बिलाची प्रत गाडीवाल्याला दाखवावी. कोणत्या कपाती होणार ते करारात आधीच लिहावे. अनामत करार संपल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत परत करावी. आणि कंपनीकडूनच अमुक वस्तू विकत घे, अशी सक्ती गाडीवाल्यावर करू नये. या यादीतले एकेक कलम वाचताना आम्हाला आमच्याच करारनाम्यातील एकेक ओळ आठवत गेली. तथापि या नियमांनी तेथील गाडीवाले सुखी झाले, असा भ्रम आम्ही बाळगीत नाही. हिशेब दाखविण्याची सक्ती कायदा करू शकतो. ‘हा माल मी नेत नाही’ असे म्हणण्याचे बळ कर्जात बुडालेल्या माणसाला तो देऊ शकत नाही.

आमच्या वाचकांना याच तत्त्वाचे दुसरे एक उदाहरण घरचे आहे. देवस्थानच्या जमिनीचा मालक कायद्याने देव. त्याच्या नावाने खटला चालतो, त्याच्या नावाने खंड येतो. पण व्यवस्था पाहतात विश्वस्त. मालक एक आणि आज्ञा दुसऱ्याची, अशी स्थिती जेथे उत्पन्न झाली तेथे कायद्याने आज्ञा करणाऱ्याला मोकळे सोडले नाही, उलट त्याच्यावर विश्वस्ताचे ओझे टाकले: हिशेब दे, स्वतःचा लाभ पाहू नकोस, मालकाचे हित तुझ्या हिताच्या आधी. देवस्थानाच्या हिशेबात चार नारळ कमी भरले तर आपण सभेत उठून जाब विचारतो. मग ज्या गृहस्थाने दुसऱ्याच्या गाडीचे बारा महिने आपल्या हुकमतीखाली घेतले, त्याच्याकडे हाच जाब मागावयास काय हरकत आहे?

हरकत आहे, असे कंपनीचे चालक आम्हाला म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे टाकाऊ नव्हते. देव बोलत नाही. गाडीवाला बोलतो, सज्ञान आहे, राजीखुशीने सही करतो. व्यापारी कंपनीला महिनोन्‌महिने पैसे देत नाहीत, पण गाडीवाल्याला उचल निघण्यापूर्वी द्यावी लागते. मालाची नासाडी झाली तर मालधन्याला २००७ च्या कायद्याखाली जाब द्यावा लागतो तो कंपनीला. जुनी गाडी रस्त्यात बंद पडली की गिऱ्हाईक तुटते ते कंपनीचे. हे सर्व खरे आहे. कमिशन घ्यावे, नुकसानीचा वाटाही मागावा. परंतु ज्या अकरा दिवसांत कंपनीने काम दिले नाही आणि दुसऱ्याचे घेऊही दिले नाही, त्या दिवसांचा भार कोणत्या जोखमीच्या नावाने गाडीवाल्यावर पडतो, हे आम्हाला त्यांच्याकडून समजून घेता आले नाही. ‘तूच मालक’ हे वाक्य त्या दिवसांत फक्त खर्चापुरते खरे होते.

यंदा करारनाम्याची मुदत संपली आणि नवा मसुदा पुन्हा आमच्याकडेच आला. आम्ही तीन कलमे सुचविली: दरमहा भाड्याच्या बिलासह हिशेब द्यावा, अनामत परत करण्यास मुदत घालावी, आणि तीन दिवसांत माल न दिल्यास गाडीवाल्याने बाहेरचा माल घेण्यास मोकळे असावे. पहिली दोन कंपनीने मान्य केली. तिसऱ्यावर तांबड्या शाईची रेघ ओढून कागद परत आला. आम्ही एकवार पुन्हा लिहून पाहिले. पुन्हा रेघ आली. त्यापुढे आम्ही आग्रह धरला नाही. कंपनी आमची जुनी अशील आहे.

सहीच्या दिवशी कंपनीच्या संमतीने आम्ही सबंध कागद गाडीवाल्याला मोठ्याने वाचून दाखविला. तो टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता. परतीच्या मालाच्या कलमापाशी त्याने मान वर केली.

“हे तसंच राहिलं का, साहेब?”

“होय,” आम्ही म्हणालो.

त्याने थोडा वेळ खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे पाहिले, आणि मग पेन मागितले.