काळ्या ऑइलचा प्रवास

घरी गाडीचं ऑइल बदलणारा जाणकार आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो. कोमट ऑइल पातळ होतं आणि गाळही सोबत घेऊन उतरतं. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं जिवावर बेतू शकतं. भक्कम स्टँड हवेतच.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे तो बोटाने चाचपतो. तिच्यावर दुसरी बसली तर गळती ठरलेली. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानेच आवळायचा.

खरी जबाबदारी यानंतरची. निथळलेल्या काळ्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण असतात. भारतातल्या 2016 च्या कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. म्हणून ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. झाकणबंद कॅनमध्ये भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडेच द्या.