लळा आणि पगार

नोएडातल्या आमच्या घरी ११ महिन्यांची नात पडली आणि रडत रांगत गेली ती तिला सांभाळणाऱ्या मुलीकडे, शेजारी बसलेल्या आईकडे नव्हे. सुनेचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी बाई बदलायची गोष्ट निघाली.

१९६४ साली शॅफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ ज्याला बिलगते ते दूध पाजणारेच माणूस असते असे नाही. रडण्याला तत्परतेने ओ देणारे असते, आणि अशी माणसे अनेक असू शकतात. या विषयाचा आद्य अभ्यासक जॉन बोल्बी स्वतः दाईच्या हाताखाली वाढला. तो चारएक वर्षांचा असताना ती निघून गेली. ते दुःख तो विसरला नाही.

लळा लावावा म्हणून पगार द्यायचा आणि लळा लागला म्हणून काढून टाकायचे, हा कुठला न्याय? शिवाय शिक्षा बाळालाही. सुनेला ते पटले. मुलगी राहिली.

पण तिचा स्वतःचा मुलगा झारखंडात, सिमडेग्याला आजीजवळ आहे. त्याला ओ देणारे माणूस आम्ही इकडे आणले. तिला कामावर ठेवल्याने ते देणे फिटत नाही.