रडलास का?

पुस्तक कुणाला वाचायला देऊ नये, असं शहाणे लोक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. परक्या हाती गेलेलं पुस्तक गेलंच म्हणून समजावं, आणि चुकून परत आलंच तर फाटून येतं, असा त्यांचा अनुभव. मला तो शंभर टक्के पटतो. कारण माझ्या कपाटातली निम्मी पुस्तकं अशीच दुसऱ्यांची आहेत. पण पुस्तक देण्यापेक्षाही एक धोक्याची गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल या मंडळींनी चकार शब्द काढलेला नाही. ती म्हणजे पुस्तक सुचवणं. दिलेल्या पुस्तकाचा फार तर पुठ्ठा जातो. सुचवलेल्या पुस्तकापायी माणूस खोटं बोलायला लागतो. निदान मी तरी असाच लागलो.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमच्या सबंध घराण्यात वाचनाचा मक्ता एका काकांकडे होता. बाकीचे लोक पंचांग आणि वर्तमानपत्र यांवर भागवत. मे महिन्याच्या सुट्टीत या काकांनी मला ‘श्यामची आई’ दिलं. पुस्तकाला त्यांनी स्वतः खाकी कव्हर घातलं होतं. देताना म्हणाले, “हे वाच. हे वाचून रडला नाही असा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.”

झालं! पुस्तक हातात पडायच्या आधीच परीक्षेचा पेपर फुटला होता. प्रश्न एकच, उत्तरही ठरलेलं.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. मी ते चार दुपारींत संपवलं. शेजारी धुतलेला रुमाल घडी करून ठेवला होता. दर दोन पानांनी मी डोळ्यांना बोट लावून बघायचो. कोरडे! श्याम न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर येतो, पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो आणि आई आपलं लुगडं अंथरते. तिथं रडायचं का? की ही नुसती तयारी आहे? श्याम पोहायला जायला घाबरतो म्हणून आई त्याला शिमटीनं मारते. इथं तर मला मनापासून बरं वाटलं, कारण मार खाणारा मी एकटाच नाही हे कळलं. शेवटी श्यामची आई गेली. आता तरी रडू येईल म्हणून मी श्वास रोखून बसलो. पण कुकरची शिट्टी कधी होते याकडे कान लावून बसलं की ती जशी होत नाही, तसं झालं. डोळ्यांवर पहारा ठेवायच्या नादात मला श्याम दिसला नाही आणि त्याची आईही दिसली नाही.

पाचव्या दिवशी काकांनी विचारलं, “काय रे, वाचलंस?”

“हो काका.”

“रडलास का?”

एक क्षणभर गेला असेल. “हो.”

“किती वेळा?”

“तीनदा.”

दोनदा कमी वाटलं असतं आणि चारदा जरा जास्तच. काकांचेच डोळे पाणावले. त्यांनी मला जवळ घेतलं आणि खिशातून चार आणे काढून दिले. खोटं बोलून मिळवलेली ती माझी पहिली कमाई. त्या पैशांचं मी काय केलं ते आठवत नाही, पण त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या माझ्या आईकडे बघितलेलं आठवतं. मला वाटलं, या बिचारीला कल्पनाच नाही, हिच्या पोटी कसला दगड जन्माला आलाय. पुढं बरीच वर्षं ही शंका माझ्या मनात होती. चांगल्या मुलांमध्ये जे काहीतरी असतं, ते देवानं मला घालायचं राहून गेलंय, आणि हे फक्त मला आणि देवाला माहीत आहे.

याउलट ज्या पुस्तकानं मला खरोखर वाचायला लावलं, ते मला कुणी सुचवलं नव्हतं. उलट ते मिळू नये अशीच सगळी व्यवस्था होती. माझ्या बाकावर बसणारा मुलगा गणिताच्या तासाला काहीतरी मांडीवर ठेवून वाचत होता आणि आवाज न करता हसत होता. मी मान वाकडी केली, तर त्यानं पुस्तक मिटलं. मग आठ दिवस मी त्याच्या मागं. शेवटी एका शनिवारी त्यानं ते दिलं. अट एकच, सोमवारी परत. नाहीतर पुढचं मिळणार नाही. ‘पुढचं’ हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे हे संपल्यावर आणखी आहे!

तो फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे. फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीसारखा, आणि चोर दिसला की त्याच्या मागं सुटणारा. तोंडानं ‘ट्टॉक’ करायची त्याची सवय मी दोन दिवसांत उचलली. घरात सगळ्यांना वाटलं, पोराच्या टाळूला काहीतरी झालंय. ज्यूल व्हर्न मराठीत आणला तोही भागवतांनीच, म्हणजे त्या एका माणसानं आम्हाला फुरसुंगीपासून चंद्रापर्यंत फिरवून आणलं आणि तिकिटाला एक पैसा मागितला नाही. सोमवारी पुस्तक परत देताना माझ्या मित्रानं मला काय विचारलं असेल? “पान फाडलं नाहीस ना?” एवढंच. आवडलं का, हसलास का, त्यातून काय बोध घेतलास, काही नाही. जगातला सर्वोत्तम ग्रंथपाल म्हणून मी आजही त्याचंच नाव घेईन.

आता एवढा दुहेरी अनुभव गाठीशी असलेल्या माणसानं आपल्या नातवाशी कसं वागायला हवं होतं, हे तुम्हीही सांगाल. मीही तुमच्या बाबतीत नक्की सांगितलं असतं.

नातू अकरा वर्षांचा झाला तेव्हा वाढदिवसाला मी त्याला फास्टर फेणेची पुस्तकं आणून दिली. कव्हर घातलं. आणि देताना माझ्या तोंडून वाक्य गेलं, “हे वाच. हे हातात घेतल्यावर खाली ठेवणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.” बोलून झाल्यावर हे कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण कुठं ते लक्षात आलं नाही. मग मी रोज संध्याकाळी चौकशी सुरू केली. “काय, कुठवर आलास? ट्टॉक आला का?” मला वाटायचं, मी त्याला आनंद देतोय. प्रत्यक्षात मी हप्ते वसूल करत होतो. आठव्या दिवशी तो म्हणाला, “संपलं आजोबा. मस्त आहे!”

“कुठला भाग आवडला?”

“सगळाच.”

मी इतका खूष झालो की शंभराची नोट काढून दिली. चार आण्यांच्या मानानं महागाई केवढी वाढलीय बघा! दोन दिवसांनी त्याच्या टेबलावर चष्मा शोधताना ते पुस्तक हाती लागलं. बसच्या तिकिटाची खूण घातलेली होती. पान अकरा.

मला राग आला. आधी नातवाचा आला, मग त्याच्या आईबापांचा आला, मग एकंदर नव्या पिढीचा आला. राग ओसरत असताना काकांचा चेहरा समोर आला आणि माझे कान गरम झाले. हा पोरगा खोटं बोलला होता, बरोबर. पण का? पैशांसाठी नाही, पैसे मिळतील हे त्याला कुठं माहीत होतं? मार चुकवण्यासाठीही नाही. आमच्या घरात आता मोठी माणसंच मुलांना भितात. तो खोटं बोलला, कारण माझ्या तोंडावरचा उत्साह त्याला मोडवेना. मी काकांशी याच कारणानं खोटं बोललो होतो. पन्नास वर्षं मी स्वतःला दगड समजत आलो, आणि खरा प्रकार असा, की मऊ होतो म्हणूनच फसलो.

मग या खोट्याचं पाप कुणाच्या खात्यावर मांडायचं? धर्मशास्त्रात बोलणाऱ्याला दोष देतात. माझं मत आता थोडं वेगळं झालंय. ज्या प्रश्नाला एकच उत्तर चालतं, तो विचारणाऱ्यानं अर्धं खोटं आधीच बोलून ठेवलेलं असतं. समोरच्यानं फक्त उरलेलं अर्धं पुरं करायचं. ‘आवडलं ना?’ यातला तो ‘ना’ फार लबाड. तो पुस्तकाबद्दल विचारत नाही. ‘मी आवडतो ना?’ असं विचारत असतो. आपल्या लहानपणचं आवडतं पुस्तक आपण मुलाच्या हातात ठेवतो, तेव्हा खरं म्हणजे आपलं लहानपण त्याच्या हातात ठेवतो, आणि म्हणतो, बघ, मी हा असा होतो, आता मला खेळायला घे. मागणी वाईट नाही. पण अकरा वर्षांच्या मुलानं ती नाकारायची कशी?

मी नातवाला काही बोललो नाही. फक्त म्हणालो, “तुझं आवडतं पुस्तक मला वाचायला दे.” त्यानं जरा संशयानं बघितलं आणि ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ आणून दिलं. जेफ किनी या अमेरिकन लेखकाचं हे पुस्तक २००७ साली आलं. पानोपानी चित्रं, अक्षर हातानं लिहिल्यासारखं, आणि नायक ग्रेग हा आमच्या बनेशच्या अगदी विरुद्ध टोकाचा. बनेश चोरामागं धावतो, ग्रेग कामावरून पळतो. आळशी, मतलबी, मित्राच्या जिवावर मजा करणारा. मी गंभीरपणे वाचत होतो. दुसऱ्याच दिवशी शाळेतून आल्या आल्या नातवानं विचारलं, “वाचलंत का आजोबा? हसलात का?”

वाचकहो, काय सांगू! त्याच्या तोंडावर तोच उत्साह. ‘हो’ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. ‘तीनदा’ हाही त्याच्या मागं उभा होता. बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा त्या खाकी कव्हरासमोर उभा होतो. कसाबसा म्हणालो, “नाही रे. फारसं हसू नाही आलं. अर्धंच झालंय.”

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “मी पण तुमचं अकराच पानं वाचलंय.”

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का नाही बोललास?”

आम्ही दोघंही हसलो. ज्या हसण्यासाठी पुस्तक दिलं होतं, ते हे नव्हे, पण चाललं. मग तो म्हणाला, “शेवटपर्यंत वाचा. ते चीजचं आहे ना, ते शेवटी आहे.” ग्रेगच्या शाळेच्या मैदानावर चीजचा एक बुरसटलेला तुकडा पडलेला असतो. त्याला जो शिवेल तो बाटला, अशी पोरांची समजूत. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याची अमेरिकेत शाखा निघालेली पाहून मला जरा बरं वाटलं. शेवटी काही टवाळ पोरं ग्रेगच्या मित्राला तो तुकडा खायला लावतात. दुसऱ्या दिवशी सगळे विचारतात, चीज गेलं कुठं? आणि हा मतलबी ग्रेग सांगतो, मी टाकून दिलं. बाट स्वतःवर घेतो. खोटं बोलतो, पण मित्राला वाचवतो.

“मग आजोबा, त्यानं बरोबर केलं का चूक?” नातवानं विचारलं.

मी बराच वेळ विचार केला. या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं होती, म्हणून तो चांगला प्रश्न होता. आम्ही जेवायची हाक येईपर्यंत त्यावर भांडलो. काकांशी ‘श्यामची आई’बद्दल मला असं भांडता आलं असतं, तर किती बरं झालं असतं!

मुलांना विचारावं, हे धंदेवाईक लोकांना आमच्या आधी कळलेलं होतं. टोल्कीनची ‘द हॉबिट’ छापावी की नाही, हे १९३६ साली प्रकाशक अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला विचारलं होतं आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. पुस्तक पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असा निर्वाळा या दहा वर्षांच्या ज्येष्ठ नागरिकानं दिला. त्या शिलिंगात आणि माझ्या चार आण्यांत फरक एवढाच, की तो खऱ्या मताचा मोबदला होता.

म्हणून मी पुस्तकं सुचवणं बंद केलंय असं मात्र समजू नका. सवय आहे, जात नाही. कुणाचं मूल भेटलं की मी अजूनही सांगतो : ताम्हनकरांचा ‘गोट्या’ बघ, नाथमाधवांचं ‘वीरधवल’ जाड आहे म्हणून भिऊ नकोस, आणि जमलं तर जपानी ‘तोत्तोचान’ वाच. त्यातले मुख्याध्यापक नव्या मुलीला पहिल्या दिवशी समोर बसवतात आणि चार तास नुसतं तिचं बोलणं ऐकतात. हे पुस्तक मुलांनी वाचून झाल्यावर आजोबांनाही वाचायला द्यावं. पण सांगून झालं की मी दुसऱ्या विषयावर जातो. पुन्हा चौकशी करत नाही. जीभ वळवळते, तेव्हा तोंडानं ‘ट्टॉक’ करतो आणि गप्प बसतो.

फास्टर फेणे नातवानं पुढं वाचला का? माहीत नाही. बसचं तिकीट हललेलं दिसतं, पण पान कुठलं ते मी बघितलेलं नाही.

मध्यंतरी एका रात्री झोप येईना म्हणून मी ‘श्यामची आई’ काढलं. काकांनी दिलेलीच प्रत. त्यांची असल्यामुळे अर्थातच माझ्याकडे राहिली होती. त्यात ‘मुकी फुले’ म्हणून एक प्रकरण आहे. दुसऱ्या कुणी न्यायच्या आत आपल्याला मिळावीत म्हणून पोरं कळ्याच तोडून आणतात, आणि आई श्यामला सांगते, की त्यांना झाडावरच उमलू द्यावं, घरात आणून त्या तशा उमलत नाहीत. लहानपणी हे पान मी वाचलं होतं, पण डोळ्यांना बोट लावून. काकांनीही वाचलं होतं, कितीदा तरी. तरी आम्ही दोघांनी कळ्या तोडल्याच.

त्या रात्री घरात सगळे झोपले होते. सकाळी कुणी काही विचारणार नव्हतं. बेचाळिसावी रात्र संपली तेव्हा पहाट होत आली होती. रडलो का? ते मात्र मी सांगणार नाही.