ओले लाकूड



मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा, असे मी वेदीवरून अनेकदा सांगितले आहे. आता ती उपमा मला पटत नाही. ओले लाकूड म्हणायला हवे होते. मातीला तंतू नसतात, गाभा नसतो, लाकडाला असतात.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. त्याने द्रव्यासाठी योजलेला 'ह्यूले' हा शब्द साध्या ग्रीक भाषेत लाकडासाठी वापरत. आम्ही मात्र द्रव्य म्हणजे मुकाट्याने आकार घेणारी वस्तू, असे पेपरात लिहून मोकळे झालो. एखाद्या सुताराने ते वाचले असते तर तो हसला असता.

नुकतेच तोडलेले लाकूड पटाशीखाली सहज कापले जाते. संकट नंतर येते. वाळताना ते आकसते आणि तेही सगळीकडे सारखे नाही. वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने. अख्ख्या ओंडक्यात ही ओढाताण जिरायला जागा नसते. मग गाभ्यापर्यंत चीर जाते. म्हणून कारागीर गाभा काढून टाकतो, जाडी शक्यतो सारखी ठेवतो, टोकांना मेण लावतो आणि सावलीत सावकाश वाळू देतो.

जर्मनीतील वुर्झबर्गचा शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडर (मृत्यू १५३१) लिंडन झाडाच्या लाकडातून संतांच्या मूर्ती घडवी. त्यांतील कित्येक मूर्ती पाठीमागून पोकळ कोरलेल्या आहेत. समोर संत आणि मागे पोकळी, ही फसवणूक नव्हे का? तरुणपणी मी 'होय' म्हटले असते. आज ती पोकळी मला लाकडाला दिलेली मोकळीक वाटते.

काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांच्या एका मुलाला मी सेमिनरीच्या वाटेला लावले. सालस, शब्दाबाहेर न जाणारा. "फादर, थोडं थांबू या का?" असे त्याच्या आईने विचारले होते. मी थांबलो नाही. तो नमत होता, तेच मी त्याचा होकार समजलो. दोन वर्षांत तो परत आला आणि कितीतरी महिने मिस्साला फिरकला नाही. कोवळ्या वयात घडवूच नये, असे मी म्हणत नाही. घडते ते तेव्हाच. पण पटाशी सहज चालते म्हणून चालवण्याचा हक्क मिळतो का? वाळतानाचा हिशेब कोणी ठेवायचा?

परवा तो चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. गॅरेजमध्ये काम करतो. मी त्याची माफी मागितली. "राहू द्या फादर," म्हणाला आणि माझ्या स्कूटरचा ब्रेक बघायला खाली बसला.